सहा काड्यांची मुंगी



बालवर्गात बाईंनी मातीचे तीन गोळे जोडून मुंगी करायला शिकवलं: डोकं, छाती, पोट. खराट्याच्या काड्यांचे सहा पाय, तेही मधल्याच गोळ्याला. कोळ्याला आठ, म्हणून तो कीटक नाही, हे पाठ करावं लागलं नाही. काड्या मोजताना कळलं. सॉफ्टवेअरमधली चूक शोधताना अंदाजाआधी मोजायची माझी सवय तिथलीच.

आज आपण शाळेच्या अंगणात फरशी घालायला निधी जमवतोय. एकच विनंती: कढीपत्त्याचं झाड आणि त्याभोवतीची माती तशीच राहू द्या. लिंबाळी फुलपाखरू या पानांवर अंडी घालतं. कागदाचं फुलपाखरू करणाऱ्या मुलांना खरी अळीही दिसायला हवी.