चार पट्टे आणि दोन मिनिटे

व्यावसायिक बॉक्सिंगमधली जगज्जेती कोण, या प्रश्नाची एकाच वजनी गटात चार उत्तरे मिळू शकतात. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार संघटना आपापला विजेता जाहीर करतात, आपापला पट्टा देतात आणि किताबाच्या लढतीमागे शुल्कही घेतात. चारही पट्टे एकीकडेच आले, तरच ते निर्विवाद जगज्जेतेपद. पुरुषांमध्ये हा योग दुर्मीळ. प्रवर्तकांची भांडणे आणि वाहिन्यांचे करार आडवे येतात. स्त्रियांनी मात्र पट्टे एकत्र करण्याचा सपाटाच लावला. आयर्लंडच्या केटी टेलरने लाइटवेटचे चारही पट्टे ऑक्टोबर २०१७ ते जून २०१९ एवढ्या काळात जिंकले. अमेरिकेच्या क्लॅरेसा शील्ड्सने तर तीन वजनी गटांत हा मान मिळवला. मला यामागचे कारण स्पष्ट दिसते. स्त्रीच्या एकट्या पट्ट्याला बाजारात किंमतच नव्हती. नाव आणि पैसा हवा तर दुसऱ्या जगज्जेतीला भिडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ही किंमत किती कमी होती, ते पाहायला १९९६ च्या मार्चमध्ये जाऊ. लास व्हेगासला माइक टायसन आणि फ्रँक ब्रुनो यांच्या लढतीआधी क्रिस्टी मार्टिन आणि डर्ड्रे गोगार्टी सहा फेऱ्या लढल्या. मार्टिनच्या नाकातून रक्त वाहत होते आणि ती पुढेच सरकत होती. गर्दी टायसनसाठी जमली होती; चर्चा मात्र या दोघींची झाली. गोगार्टी मूळची आयर्लंडची. तिथे स्त्रियांच्या बॉक्सिंगला परवानगी नव्हती, म्हणून तिने अमेरिका गाठली. त्याच आयर्लंडमध्ये ३१ ऑक्टोबर २००१ रोजी, डब्लिनच्या नॅशनल स्टेडियममध्ये, स्त्रियांची पहिली अधिकृत लढत झाली. त्यात उतरलेली एक मुलगी पंधरा वर्षांची होती. तीच ही केटी टेलर. पुढे २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे बॉक्सिंग प्रथमच आले. तिथे आपल्या मेरी कोमने ५१ किलो गटात कांस्यपदक मिळवले आणि ६० किलो गटाचे सुवर्ण टेलरने नेले.

आता ३० एप्रिल २०२२ ची रात्र. न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन, जिथे १९७१ मध्ये अली आणि फ्रेझर लढले होते. तिथे मुख्य लढत स्त्रियांची, असे पहिल्यांदाच घडत होते. टेलरसमोर होती पोर्तो रिकोत जन्मलेली, ब्रुकलिनमध्ये वाढलेली अमांडा सेरानो. सात वजनी गटांत किताब मिळवलेली, डावखुऱ्या पवित्र्याने लढणारी. पाचव्या फेरीत सेरानोचे ठोसे असे बसले की टेलर डगमगली, चेहरा रक्ताळला. ती पडणार, असेच वाटत होते. ती पडली नाही. उरलेल्या फेऱ्यांत पायांच्या हालचालीवर आणि वेगावर तिने गुण परत खेचून आणले, आणि शेवटचे काही क्षण तर दोघी मागे न हटता एकमेकींवर गुद्दे मारत राहिल्या. दोन पंचांनी टेलरला कौल दिला, एकाने सेरानोला. चारही पट्टे टेलरकडेच राहिले. त्या रात्री पट्ट्याला मोल आले, ते संघटनेच्या शिक्क्याने नव्हे, समोर उभ्या असलेल्या सेरानोमुळे.

पण एक गोष्ट मला खटकते. पुरुषांची किताबाची लढत बारा फेऱ्यांची, प्रत्येक फेरी तीन मिनिटांची. म्हणजे ३६ मिनिटे. स्त्रियांची सहसा दहा फेऱ्यांची, दोन-दोन मिनिटांची, म्हणजे २०. पाचव्या फेरीत सेरानोला आणखी एक मिनिट मिळाले असते तर? ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ब्राझीलच्या दानिला रामोसशी पूर्ण बारा फेऱ्या, तीन-तीन मिनिटांच्या, लढली आणि जिंकली. मेंदूला इजा होण्याचा धोका पुढे करून डब्ल्यूबीसीने त्या नियमांना मान्यता नाकारली. तेव्हा सेरानोने डब्ल्यूबीसीचा पट्टाच सोडून दिला. धोक्याची काळजी खोटी आहे, असे मी म्हणणार नाही; डोक्यावर बसणारा प्रत्येक ठोसा हिशेबात धरलाच पाहिजे. मात्र तो हिशेब पुरुषांच्याही डोक्याला लागू आहे, आणि त्यांच्या फेऱ्या कोणी दोन मिनिटांवर आणल्या नाहीत. वैद्यकीय तपासणी कडक करा, लढत वेळीच थांबवणारे पंच नेमा, आणि किती मिनिटे लढायचे ते लढणाऱ्या दोघींना ठरवू द्या. टेलरला दोन मिनिटे पसंत असतील, तर तो तिचा अधिकार. ११ जुलै २०२५ ला दोघींची तिसरी लढत त्याच गार्डनमध्ये झाली, तेव्हा त्या रात्रीच्या सगळ्याच लढती स्त्रियांच्या होत्या. या दोघींच्या फेऱ्या मात्र अजून दोन मिनिटांच्याच होत्या.