तांदळाच्या दाण्याएवढा धूर

आत्ता तुम्ही बसलात ती खोली दहा बाय दहाची असेल आणि छतही तेवढंच उंच असेल, तर तिच्यात साधारण २७ घनमीटर हवा आहे. एका घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२ किलो. म्हणजे रिकाम्या वाटणाऱ्या त्या खोलीत ३२ किलो हवा भरलेली आहे.

ती खराब व्हायला किती धूर लागेल? मी विद्यार्थ्यांना आधी तांदूळ मोजायला लावते. मध्यम तांदळाचे १०० दाणे सोनाराच्या काट्यावर साधारण २ ग्रॅम भरतात, म्हणजे एक दाणा २० मिलिग्रॅमचा. फोडणी जळली, डासांची कॉइल लावली आणि एका दाण्याच्या वजनाइतके सूक्ष्म कण खोलीत पसरले असं धरू. २० मिलिग्रॅम म्हणजे २०,००० मायक्रोग्रॅम. भागिले २७. घनमीटरला ७४० मायक्रोग्रॅम झाले! 'पीएम २.५' या कणांसाठी आपल्या देशाची चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा आहे ६०. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली सुचवलेली तर १५च. जिचा निम्मा दिवस चुलीपुढे जातो, तिच्या फुप्फुसांचा विचार मनात आला की मला हा भागाकार आठवतो आणि अस्वस्थ व्हायला होतं.

खोलीभर ताजी हवा आत आली की धूर गेला, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. नवी हवा जुनीत मिसळते आणि ती मिसळलेलीच बाहेर पडते. म्हणून एकदा खोलीभर हवा येऊन गेली तरी १००पैकी ३७ कण मागे राहतात. दुसऱ्यांदा १४, तिसऱ्यांदा ५. तेव्हा कुठे ७४०चे ३७ होतात. याला वेळ किती? खिडकीची उघडी जागा अर्धा चौरस मीटर असेल, समोरचं दार उघडं असेल, तर सेकंदाला २० सेंटिमीटरची, अंगाला जेमतेम जाणवणारी झुळूकही खोलीभर हवा साडेचार मिनिटांत आणते. त्याची तिप्पट म्हणजे जवळजवळ पाव तास. फोडणी झाल्यावर तेवढा वेळ तरी खिडकी लावू नका.

अर्थात बाहेरची हवा बरी असेल तरच. थंडीतल्या पहाटे ती बरी नसते, कारण शहरावरही तेव्हा छत उतरलेलं असतं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन तळाशी बसते, वर उबदार थर राहतो आणि धूर त्याच्याखाली अडकतो. दुपारी धूर दीड हजार मीटर उंचीपर्यंत मिसळत असेल आणि पहाटे दीडशेवरच थांबत असेल, तर तेवढ्याच पालापाचोळ्याच्या जाळाचे पहाटे दसपट कण श्वासात जातात. पुण्यासारख्या टेकड्यांनी वेढलेल्या गावात हा अनुभव नवा नाही. पाला मुळात जाळूच नका, खतात घाला. आणि पहाटे धावायला जाणाऱ्यांनी थंडीपुरती आपली वेळ ऊन चढल्यावर न्यावी.

कण पावसानं धुतले जातात. कार्बन डायऑक्साइड मात्र साठत राहतो. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आत, पण जळल्यावर त्यातून २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. इथे ऐकणारे हटकून अडतात. पेट्रोलमधला सुमारे ६४० ग्रॅम कार्बन हवेतला ऑक्सिजन सोबत घेतो. १२ भाग कार्बनाला ३२ भाग ऑक्सिजन, एकूण ४४. जग सोडतं त्यातला निम्म्याच्या आसपास समुद्र आणि झाडं-माती शोषतात, बाकीचा वर राहतो. हवाई बेटावरच्या मौना लोआ इथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८मध्ये मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ भाग होता. आता ४२०च्या वर आहे.

घरचा हिशेब सोपा आहे. पेट्रोलचे लिटर गुणिले २.३, स्वयंपाकाच्या गॅसचे किलो गुणिले ३, विजेची युनिटं गुणिले ०.७. महिन्याला २०० युनिटं वापरणाऱ्या घरात विजेचे १४० किलो होतात, १४.२ किलोच्या सिलिंडरचे ४३. म्हणून मी आधी पंख्यांकडे बघायला सांगते. ७५ वॅटचा जुना पंखा काढून ३० वॅटचा लावला आणि तो रोज १२ तास फिरला, तर महिन्याला १६ युनिटं, म्हणजे ११ किलो वाचतात.