इंधन-घटाचा जोडीदार



दिलसुखनगरच्या बसथांब्यावर सायंकाळी सहाच्या सुमारास उभे राहिले, म्हणजे शहरातील वाहनाचा जीवनक्रम किती तुटक असतो हे चांगलेच ध्यानी येते. कोटीकडे निघालेली बस शंभर पावले जाते आणि थांबते. अंगातले सारे बळ एकवटून पुन्हा सुटते, पुन्हा थांबते. चादरघाटचा पूल येईपर्यंत असे किती वेळा घडते हे मी एकदा मोजावयास घेतले होते. परंतु मलकपेठ येण्यापूर्वीच मोजणी चुकली. २०१८ पासून याच रस्त्याच्या माथ्यावरून मेट्रो धावते. तिची गोष्ट निराळी. ती तारेतून वीज घेते, आणि केव्हा किती लागेल ही चिंता वीज पुरविणाऱ्यांची. बसला मात्र आपली शिदोरी बरोबरच न्यावी लागते.

ही शिदोरी हायड्रोजनची असावी, असा विचार आता सर्वत्र चालू आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ज्या वैज्ञानिक परिषदेच्या छत्राखाली काम करते ती परिषद आणि केपीआयटी ही कंपनी यांनी तयार केलेली इंधन-घटावरील बस २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात लोकांपुढे आली. त्याविषयी वर्गात सांगत असता एका मुलाने विचारले, "सर, इंधन-घट स्वतःच वीज तयार करतो, तर अशा गाड्यांत पुन्हा बॅटरी कशाला ठेवतात?" प्रश्न मोठा मार्मिक होता. मी तास संपल्याचा आधार घेतला, हे कबूल केले पाहिजे. त्याचे उत्तर आज देतो.

विल्यम ग्रोव्ह या वेल्समधील वकील-शास्त्रज्ञाने १८३९ साली हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज मिळते, हे दाखवून दिले. इंधन-घटाचे तत्त्व तेच. ज्वाला नाही, धूर नाही. वीज, पाणी आणि उष्णता एवढेच बाहेर पडते. एका घटाचा सैद्धांतिक दाब १.२३ व्होल्ट असतो. त्यातून वीज घेऊ लागताच तो उतरतो, आणि जितकी अधिक वीज ओढावी तितका अधिक उतरतो. हायड्रोजनमधील ऊर्जेचा किती भाग पदरात पडला, हे या दाबावरूनच समजते. पाऊण व्होल्टवर काम चालले असेल, तर सुमारे साठ टक्के ऊर्जा हाती येते; तोच घट पूर्ण भाराखाली ०.६ व्होल्टपर्यंत खाली ओढला, तर अठ्ठेचाळीस टक्क्यांच्या आसपास. उरलेल्याची उष्णता होते.

यावरून कोणी म्हणेल, की घटास अगदीच थोडे काम द्यावे. तेही जमत नाही. घटास हवा पुरविणारा पंखा, पाणी खेळविणारा पंप यांचा खर्च काम कमी झाले म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणून घटाची खरी मर्जी पूर्ण भाराच्या चौथ्या ते निम्म्या हिश्शाच्या दरम्यान असते. शिवाय त्यास घाई सोसत नाही. हवा आणि हायड्रोजन पोहोचण्यापूर्वीच वीज ओढली, तर आतील उत्प्रेरक थर झिजतो. वारंवार बंद-चालू केल्यानेही झिजतो. आणि त्या थरात प्लॅटिनम असते.

अशा संथ प्रकृतीच्या घटास दिलसुखनगरच्या रस्त्यावर आणून उभे करा! समजा, बसला सरासरी ४० किलोवॅट शक्ती लागते. पण थांब्यावरून सुटताना वीस सेकंद १५० किलोवॅट लागतात. घट चाळीस देत राहिला, तर उरलेले एकशे दहा किलोवॅट वीस सेकंद कोणी तरी द्यावयाचे. गुणाकार करून पाहा: एवढी ऊर्जा म्हणजे विजेच्या एका युनिटच्या जेमतेम तीनपंचमांश! घरातील दिवाबत्तीसारखी क्षुल्लक बाब. परंतु ती वीस सेकंदांत हवी असते, आणि अडचण तेथेच आहे. एक युनिट साठविणारी लहान बॅटरी इतक्या वेगाने रिकामी करणे तिला मानवत नाही; म्हणून गरजेपेक्षा बरीच मोठी बॅटरी द्यावी लागते.

हैदराबादच्या श्रोत्यांना मूसी नदीचे उदाहरण द्यावेसे वाटते. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात या शहरातील हजारो माणसे दगावली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने पूर अडविण्याची योजना झाली, आणि १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर उभे राहिले. जलाशय भरलेला असला म्हणजे पाण्याची ददात नाही, हे खरे. पण तो काठोकाठ भरलेला असेल, तर येणारा लोंढा पोटात कसा घेणार? मग दरवाजे उघडावे लागतात, आणि मूसारामबागच्या जुन्या सखल पुलावरून पाणी वाहू लागत असे. बसमधील बॅटरीचेही असेच आहे. सुटताना ती देणारी हवी, आणि ब्रेक लावताना चाकांतून परत येणारी वीज घेणारीही हवी. म्हणून तिला निम्म्याच्या आसपास भरलेली ठेवतात. पुढे थांबा आहे की चढ, याचा अंदाज घेऊन घटाचे काम सावकाश वाढवावयाचे किंवा घटवावयाचे, हे नियंत्रक यंत्राचे काम.

मग बॅटरी मोठीच का घेऊ नये? कारण बॅटरीतून जाऊन येणारी वीज सुमारे एकदशांश जकात देऊन येते. सारी वीज तिच्यामार्फत फिरविली, तर घटाची कार्यक्षमता सांभाळून मिळविलेले या जकातीत जाते. घट मोठा घेऊन निम्म्या भारावर चालवावा, तर तो महाग. लहान घ्यावा, तर तो सदैव धापा टाकणार. पुण्याच्याच प्रयोगशाळेच्या सहभागाने २०२० साली ज्या मोटारीची चाचणी झाली, तिच्यातील घट अवघा १० किलोवॅटचा, म्हणजे सुमारे तेरा अश्वशक्तीचा होता, आणि तो मुळात बॅटरीवर चालणाऱ्या गाडीत बसविला होता. तेरा अश्वशक्तीवर खंडाळ्याचा घाट मोटारीच्या ऐटीत चढता येत नाही; जोर बॅटरीचा, मजल घटाची.

बसमध्ये हा हिशेब चुकला, तर पैसे जातात. पाणबुडीत चुकला, तर माणसे. डिझेल यंत्रास हवा लागते, म्हणून साध्या पाणबुडीला बॅटरी भरण्यासाठी अधूनमधून पृष्ठभागाजवळ यावे लागते, आणि शत्रूला ती तेव्हाच सापडते. अंबरनाथच्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने यासाठी फॉस्फोरिक आम्लाचा इंधन-घट सिद्ध केला. त्याला लागणारा हायड्रोजन पाणबुडीतच तयार होतो. ८ मार्च २०२१ रोजी त्याची जमिनीवरील महत्त्वाची चाचणी यशस्वी झाली, ती दोन रीतींनी: दीर्घकाळ टिकण्याची आणि अधिकतम शक्तीची. पाण्याखाली संथपणे दबा धरून राहावयाचे ते घटाच्या भरवशावर, आणि पाठलाग झाला तर निसटावयाचे ते बॅटरीच्या. इंधन वाचविण्याच्या लोभाने अधिकाऱ्याने आधीच बॅटरी उतरविली असेल, तर त्या घटकेला घटाची कार्यक्षमता काय कामाची?

हे सारे वर्गात सांगितल्यावर त्या मुलाने पुढचा प्रश्न टाकलाच: "मग आपल्या बसला घट हवाच कशाला?" त्याचे म्हणणे मला पटते. विजेपासून हायड्रोजन करून, तो दाबून, पुन्हा त्याची वीज केली, तर मूळ विजेचा सुमारे तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. बॅटरीच्या वाटेने तीनचतुर्थांशाच्या आसपास. रोज रात्री आगारात परतणाऱ्या कोटीच्या बसला बॅटरीच बरी. पण दिलसुखनगरचा हाच रस्ता पुढे विजयवाड्याला जातो. त्यावरून रात्रभर मालाने लादलेले ट्रक धावतात. तासन् तास थांबून बॅटरी भरणे त्यांना परवडत नाही, आणि बॅटरीच्या वजनाने मालाची जागा जाते. एकदा वेग धरला की त्यांची गरज तासन् तास जवळजवळ सारखी असते. तेथे मी घटाची बाजू घेईन, शेजारी एक बेताची बॅटरी ठेवून.