फॉर्म भरण्याआधी विचारा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. गिरणीत जन्म घालवलेला माणूस. साचेखात्याच्या खडखडाटात मोठ्याने बोलायची सवय लागली ती अजून जात नाही, तेव्हा माइक जरा लांब असला तरी चालेल. कमिटीने मला 'शिक्षणाचे महत्त्व' हा विषय दिला होता. पण ते महत्त्व आपल्या वस्तीत आता कुणाला सांगायला नको. म्हणून कमिटीची माफी मागून मी थोडा वेगळा विषय घेतो. चाळिशी उलटल्यावर जो माणूस शिकायला बसतो, त्याने त्या शिक्षणाचे पुढे करायचे काय, आणि हे त्याला सांगायचे कुणी?

माझेच सांगतो. १९८२ चा संप झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. वडील गिरणीत. संपाने घर जे खाली बसले ते बसलेच, आणि नववीत माझी शाळा सुटली. १९९० साली बदली कामगार म्हणून मी लागलो. पुढे युनियनचे काम आले, कामगार न्यायालयाच्या फेऱ्या आल्या. तिथे वकील बोलायचे आणि आम्ही बाकावर बसून ऐकायचो. आपलीच केस, पण आपल्याला त्यातले निम्मे कळत नाही. तेव्हा मनाने घेतले की वकील व्हायचे.

मुक्त विद्यापीठांमुळे आमच्यासारख्यांना दार उघडले. दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ चे, नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चे. मी २०१३ साली, बेचाळिसाव्या वर्षी, एका अभ्यासकेंद्रावर फॉर्म भरला. माझ्या वेळी दहावी-बारावी नसलेल्यांसाठी पूर्वतयारीची परीक्षा होती. ती दिली आणि बी. ए. ला बसलो. रात्रपाळी करून रविवारी वर्गाला जायचो. पुस्तक उघडले की डोळे मिटायचे, मंडळी हसायची. २०१७ साली पदवी मिळाली. इथे, याच विहारात, आपण माझा सत्कार केला होता. शाल अजून घरात आहे.

सत्कारानंतर महिन्याभरात मी वकिलीच्या प्रवेशाची चौकशी केली. खिडकीवरच्या बाईंनी कागद चाळले आणि विचारले, "काका, बारावीचं गुणपत्रक?" मी म्हटले, "बाई, मी बी. ए. आहे." त्यांनी नियम काढून दाखवला. वकिलीच्या शिक्षणाचे २००८ चे नियम आहेत. मूळ शालेय पात्रता नसताना थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल, तर त्या पदवीवर कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाही. २००८! म्हणजे मी फॉर्म भरला त्याच्या पाच वर्षे आधीपासून तो नियम तिथे होता. चार वर्षे मी ज्या दारासाठी चाललो, ते माझ्यासाठी पहिल्या दिवसापासूनच बंद होते.

बंधू-भगिनींनो, त्या पदवीचा मला पश्चात्ताप नाही. तिने मला वाचायला शिकवले. पण फॉर्म भरताना एका माणसाने एकच प्रश्न विचारला असता की "काका, पुढे काय करायचा विचार आहे?", तर मी आधी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली असती, मग बारावी, आणि मग पदवी. चार वर्षे जास्त गेली असती, पण ती कारणी लागली असती.

त्यानंतर मी एका कॉलेजातल्या करिअर मार्गदर्शन कक्षात गेलो. साहेब चांगले होते, खुर्ची दिली. म्हणाले, "बोला काका, मुलाचं काम आहे की मुलीचं?" मी म्हटले, माझंच. ते गप्प झाले. त्यांच्याकडे ज्या कंपन्या यायच्या त्यांना शेवटच्या वर्षाची पोरे हवी होती. सरकारी नोकरीचे म्हणाल तर राज्य सरकारने २०१६ साली वयाची मर्यादा वाढवली खरी, खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. मी तेव्हा सेहेचाळीस. साहेबांचा तरी काय दोष! तो कक्षच विशीतल्या मुलांसाठी मांडलेला.

हे असेच असते असे नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढले आणि सकाळचे वर्ग ठेवले, कारण नोकरी करून शिकणारा विद्यार्थी त्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्यांनी स्वतः काय वेगळे केले? १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले, मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. त्याच साली लंडन विद्यापीठात बर्कबेक नावाचे कॉलेज सामील झाले. ते १८२३ साली कारागिरांसाठी सुरू झालेले, दिवसा काम आणि संध्याकाळी वर्ग. आजही ते संध्याकाळच्या वर्गांसाठीच ओळखले जाते. तिकडे एकविसाव्या वर्षानंतर पदवीला येणाऱ्याला प्रौढ विद्यार्थी म्हणतात. (आपल्याकडे त्या वयात पोराला चहाला पैसे आपण देतो.) ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात १९७१ पासून शिकवणे सुरू झाले. तिथे नोकरी-व्यवसायाचा सल्ला शिकत असतानाच मिळतो आणि पदवीनंतरही काही काळ मिळतो. तिकडे सगळे सोन्याचे आहे असे मी म्हणत नाही. पण प्रौढ विद्यार्थ्याला वेगळा सल्ला लागतो, एवढे त्यांनी ओळखले आहे.

वेगळा म्हणजे कसा, ते आपल्याच वस्तीतल्या एका वहिनींवरून सांगतो. नाव घेत नाही, त्या लाजतील. वीस वर्षे त्यांनी खाणावळ चालवली. पन्नाशीला टेकताना बी. ए. झाल्या. नोकरीसाठी बायोडाटा केला, तो मी पाहिला. नाव, पत्ता, जात, शिक्षण. आणि 'अनुभव' या शब्दापुढे लिहिले होते, निरंक. मी म्हटले, वहिनी, हे काय? म्हणाल्या, "भाऊजी, मी कुठं नोकरी केली?"

नशिबाने त्यांना एका विद्यापीठात एक जाणत्या बाई भेटल्या. त्यांनी तासभर नुसते प्रश्न विचारले. रोज किती माणसे जेवायची? चाळीस. बाजार कोण करायचे? मीच. उधारीची वही? मीच. हाताखाली किती बाया? तीन. कुणाचा पगार थकवला का? कधीच नाही. मग त्या बाईंनी बायोडाट्याची मांडणीच उलटी केली. वर वीस वर्षांचे काम, आकड्यांसकट. खाली पदवी. वहिनी आज मुलींच्या एका वसतिगृहाचे स्वयंपाकघर सांभाळतात.

तो कागद मी घरी नेऊन पुन्हा वाचला आणि माझा स्वतःचा लिहायला बसलो. आपल्या आजोबांच्या काळात साचेखात्यात आपल्या माणसांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ. त्या खात्यात मी साचा चालवला, नव्या पोरांना शिकवला, पाळी सांभाळली. आणि बायोडाट्यात मी लिहीत होतो एकच शब्द, 'कामगार'.

काही गोष्टी पदरात बांधून घ्या. २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अनुभवाने शिकलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आली. गवंडी, शिंपी, वायरमन अशा आपल्या भावांनी तिची चौकशी करावी. कुणी म्हणाले की मुक्त विद्यापीठाची पदवी कमी दर्जाची, तर सांगा, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे की मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. नोकरीच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारची नॅशनल करिअर सर्व्हिस आहे, ती फुकट आहे. एजंटला पैसे देऊ नका.

आणि विद्यापीठांकडे आपण मागणी केली पाहिजे. मार्गदर्शन कक्ष रविवारी उघडा ठेवा, कारण कामावरचा माणूस दुसऱ्या दिवशी येऊच शकत नाही. आणि सल्ला प्रवेशाच्या वेळी द्या. विशीतला पोरगा चार वर्षे चुकला तर सावरतो. आमच्याकडे चुकायला चार वर्षे नसतात. याचे निवेदन मी तयार केले आहे, बाहेर टेबलावर ठेवले आहे. सही करताना वय आणि शिक्षण दोन्ही लिहा.

माझे म्हणाल तर गिरणी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बंद झाली ती झालीच. काळा कोट काही अंगावर चढला नाही. पण नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारी कामगाराच्या वतीने कामगार न्यायालयात उभा राहू शकतो, तसा मी उभा राहतो. आता बाकावर बसत नाही.

कमिटीने परवानगी दिली आहे. येत्या रविवारपासून वंदना झाल्यावर दहा ते बारा मी इथे मागच्या खोलीत बसणार आहे. त्या वहिनीही येणार आहेत. ज्या कुणाला चाळिशीत, पन्नाशीत फॉर्म भरायचा असेल त्याने तो कोरा घेऊन यावा, भरून नको. सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीचे गुणपत्रक आणावे. दहावी नसेल तर सतरा नंबरच्या फॉर्मपासून सुरुवात करू.