गाडी डुलते म्हणजे नेमकं काय होतं?

(रेडिओवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

गणपती जवळ आले, की आमच्या परळ-लालबागच्या गॅरेजांतून एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते. कुणी म्हणतं, ‘गाडी डुलते.’ कुणी म्हणतं, ‘हँडल थरथरतं.’ कुणाची एका बाजूला ओढते, कुणाची वळणावर अचानक पडल्यासारखी होते. एखादा नुसतंच म्हणतो, ‘काय ते सांगता येत नाही बघा, पण गाडी पूर्वीसारखी वाटत नाही.’

श्रोतेहो, इंजिन बिघडलं तर आवाज करतं, धूर सोडतं, बंद पडतं. हा बिघाड मात्र मुका असतो. म्हणूनच मग अंदाजाने एकेक पार्ट बदलायला सुरुवात होते. आधी शॉकअप, मग कोनसेट, मग नवा टायर. चार-पाच हजार जातात आणि गाडी डुलतेच. आणि याच गाडीवर मागे बायको, मध्ये मूल आणि वर दोन बॅगा घेऊन माणूस चार-पाचशे किलोमीटर कोकणात निघालेला असतो. तिघांनी बसणं नियमात बसत नाही हे सांगून सांगून मी दमलो, तो विषय आज सोडतो.

तक्रारीचा शब्द नीट ऐकला, तर निम्मं काम तिथेच होतं. हँडल थरथरतं, तेही पन्नास-साठच्या वेगावरून गाडी सावकाश होताना, तर पुढे बघायचं : पुढचा टायर, पुढच्या चाकाचा आउट, कोनसेट. गाडी मागून डुलते, वेग वाढवला की जास्त डुलते, एखाद्या म्हशीने शेपूट हलवावी तशी संथ हलते, तर मागे बघायचं : मागची हवा, मागचं ओझं, चिमट्याचे बुश. एका बाजूला ओढते, तर मागचं चाक सरळ बसलं आहे का ते पाहायचं. एक मात्र करू नका. खात्री करायला म्हणून हँडल सोडून गाडी चालवू नका. पकड थोडी सैल केली तरी जे कळायचं ते कळतं.

त्याच्याही आधी दोष गाडीत आहे की रस्त्यात, हे ठरवा. आपल्या दादर टी.टी.ला टी.टी. म्हणतात ते ट्राम टर्मिनसवरून. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला धावली. जुने लोक सांगत, की दुचाकीचं चाक ट्रामच्या रुळाच्या खाचेत गेलं की गाडी आपली राहत नसे, रुळाची होई. रूळ गेले, पण खाचा राहिल्या. सिमेंटच्या दोन पट्ट्यांमधली फट, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक यांच्यामधली कड, नवं डांबर टाकण्यापूर्वी खरवडून ठेवलेला रस्ता, यांवर चांगली गाडीही नागमोडी जाते. पुढच्या टायरवर सरळ उभ्या रेघा असतील तर जास्तच. वाशीच्या खाडीपुलावर वाऱ्याने गाडी ढकलली जाते, तोही गाडीचा दोष नव्हे. पण गुळगुळीत, सरळ रस्त्यावर, वारा नसताना गाडी डुलली, तर मात्र हात काळे करायला हवेत.

पहिली गोष्ट हवा. ही इतकी साधी आहे की कुणी मनावर घेत नाही. आपल्याकडे पंपावर माणूस सांगतो, ‘टाइट मार.’ टाइट म्हणजे किती? तुमच्या गाडीला किती हवा लागते, ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं, बऱ्याच गाड्यांवर स्टिकरही असतो. एकट्याचा आकडा वेगळा, मागे माणूस असताना वेगळा. तो थंड टायरचा आकडा असतो. दहा अंश तापमान वाढलं, तर तीस पौंडाच्या हवेत साधारण दीड पौंडाची भर पडते. म्हणजे गिरगावातून निघून उन्हात सायनला पोचून हवा मोजली, तर आकडा बरोबर दिसेल आणि हवा खरी कमीच असेल. स्वतःचं मीटर घ्या, सकाळी वाडीतून गाडी बाहेर काढण्यापूर्वी मोजा. हवा कमी असली की टायर बाजूंनी वाकतो, तापतो आणि गाडी मागून डुलते. फार जास्त असली की टायर रस्त्यावर टणटण उडतो, पकड जाते. आणि नायट्रोजनचं विचाराल, तर साध्या हवेतही शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजनच असतो. त्यापेक्षा दर आठवड्याला मीटर लावलेलं बरं.

ट्यूबवाल्या टायरचा व्हॉल्व्ह बघा. तो चाकातून सरळ बाहेर यायला हवा. तिरका झाला असेल तर कमी हवेमुळे टायर रिमवर सरकतो आहे आणि ट्यूबला सोबत ओढतो आहे. घाटात ती ट्यूब व्हॉल्व्हपाशी फाटली, तर हवा एका क्षणात जाते. पंक्चर काढून आणल्यावरच गाडी उड्या मारायला लागली असेल, तर टायरच्या कडेला रिमजवळ जी बारीक रेघ असते ती पाहा. सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर हवी. एका ठिकाणी आत बुडालेली दिसली, तर टायर नीट बसलेलाच नाही.

आता मुंबईचं खास दुखणं. आपली गाडी रोज गिरगाव ते सात रस्ता, सात रस्ता ते दादर अशी जाते. सिग्नल ते सिग्नल, सरळ. फारशी कलत नाहीच. त्यामुळे मागचा टायर फक्त मधोमध झिजतो आणि गोल असायचा तो चपटा होतो. शहरात याचा पत्ता लागत नाही, कारण शहरात आपण त्या चपट्या भागावरच चालतो. कशेडीच्या घाटात पहिलं वळण आलं, की गाडी कलायला नकार देते, आपण जोर लावतो आणि चपट्या भागाची कड ओलांडली की ती एकदम आत पडते. माणूस घाबरतो आणि वळणातच ब्रेक दाबतो. टायरवर नक्षी शिल्लक असते, म्हणून गॅरेजवालाही ‘अजून चालेल’ म्हणतो. माझ्या मते हा टायर शहरात चालेल, घाटात नाही. स्टीलची पट्टी टायरवर आडवी ठेवून पाहा. मधे एकाच ठिकाणी टेकली तर ठीक. दोन-तीन बोटं रुंद सपाट टेकली, तर कोकणात जाण्यापूर्वी बदला. पुढच्या टायरवरून तळवा आधी एका दिशेने आणि मग उलट फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीच्या दातांसारखा लागला, तर थरथर कुठून येते ते समजलं.

नवा टायर घ्यायचा तर कंपनीने दिलेल्याच मापाचा. दादरची कॉलेजची मुलं मागे जाडजूड टायर बसवून आणतात. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला, की त्याच्या कडा आत आवळल्या जातात आणि माथा टोकदार होतो. दिसायला रुबाब, चालवायला डोकेदुखी. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे ना, ते पाहा. आणि नवा टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर निसरडा असतो, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री बदलू नका.

एवढं करून दोष गेला नाही, तरच पान्याला हात लावायचा. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागे एकाला दाबून धरायला सांगा, पुढचं चाक अधांतरी करा. हँडल हलक्या बोटाने डावीकडून उजवीकडे न्या. बरोबर मधोमध अडकल्यासारखं झालं, तर कोनसेटला खाच पडली आहे. शॉकअपचे पाय खालून धरून पुढे-मागे ओढल्यावर खट् झालं, तर तो सैल आहे. मागचं चाक वर-खाली धरून आडवं हलवा. चाक एकटंच हललं तर बेअरिंग, चिमटाही सोबत हलला तर बुश. तारेच्या आऱ्यांना एकेक करून टिचकी मारा. सैल आरा बद्द वाजतो.

चाकं एका रेषेत आहेत का, हे पाहायला माझे मामा सुतळी वापरायचे. ते गिरणीत फिटर होते, 1982 च्या संपानंतर गॅरेजात आले. शाफ्ट सरळ लावायची गिरणीतली नजर त्यांनी मोटारसायकलला लावली. मागच्या टायरमागून सुतळी घेऊन दोन्ही बाजूंनी पुढे ताणायची. ती मागच्या टायरला पुढे-मागे दोन्हीकडे टेकली, की पुढच्या सरळ धरलेल्या चाकाच्या दोन्ही बाजूंना सारखी फट दिसली पाहिजे. चेन ॲडजस्टरवरच्या खुणांपेक्षा माझा सुतळीवर विश्वास जास्त आहे. एका वेळी एकच गोष्ट दुरुस्त करा आणि फेरी मारून या. तीन गोष्टी एकदम केल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही.

सामानाचं आता थोडक्यात. जड वस्तू मागच्या ॲक्सलच्या मागे टांगली, की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडलमधला जीव जातो. जड ते खाली आणि सीटच्या जवळ, हलके कपडे मागे. आणि वाटेत गाडी डुलायला लागलीच, तर हँडल आवळू नका, ब्रेकवर उभे राहू नका. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, अंग पुढे झुकवा. वेग उतरला की ती बहुधा आपोआप शांत होते.

दुचाकींना जे. जे. उड्डाणपूल, पूर्व मुक्त मार्ग आणि अटल सेतू बंद असल्यामुळे तुम्ही भायखळा, लालबाग, दादर, सायन करत वाशीमार्गेच पनवेलला पोचाल. तिथे चहाला थांबलात, की आधी हाताची पाठ मागच्या टायरला लावा. कोमट लागला तर खुशाल चहा घ्या. चटका बसला तर हवा कमी आहे किंवा ओझं जास्त. अशा वेळी मीटरवर आकडा चढलेला दिसतो म्हणून हवा सोडू मात्र नका. टायर निवू द्या, तोवर दुसरा चहा सांगा, आणि मग मोजा.