सूनबाईंची गाल्बी
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला पाककृती सांगायला उभं केलंय, पण थोडं घरचंही सांगते. मुलानं कोरियन मुलगी केली, तेव्हा मी तोंडानं हो म्हटलं, मनानं नाही. पंचवीस वर्षांच्या शेजाऱ्यांपासून काय लपवायचं!

सुवॉनला त्यांच्या घरी गेले. तिला मराठी येईना, मला कोरियन. गाठ पडली ती ओट्यापाशी.

गाल्बी म्हणजे बरगडी. सुवॉनची प्रसिद्ध गाल्बी गोमांसाची. तिनं मात्र माझा विचार करून डुकराच्या बरगड्या आणल्या. तासभर गार पाण्यात ठेवून रक्त काढलं, मांसाला चिरा दिल्या. सोया सॉस, साखर, भरपूर लसूण, तिळाचं तेल आणि वर नासपतीचा कीस! मी चमकले. मग आठवलं, आपणही मटणाला कच्ची पपई लावतोच की, मऊ व्हायला. मी हातानंच 'कळलं' अशी खूण केली, ती हसली.

रात्रभर मुरवून दुसऱ्या दिवशी मध्यम आचेवर भाजलं. आच मोठी नको, साखर करपते आणि आत कच्चं राहतं. कात्रीनं तुकडे करून लेट्यूसच्या पानात गुंडाळायचे.

पानं वाढली, पण कुणी हात लावेना. सगळे माझ्याकडे बघत होते. तिथंही पहिला घास मोठ्यांचा.

हे मात्र मुलाला भाषांतर करून सांगावं लागलं नाही.