पिकअपचं ऑइल चेंबर

गटाच्या पिकअपचं चेंबर दगडावर आपटून गळायला लागलं, तर इंजिन तिथंच बंद करा. तेलाविना इंजिन जाम झालं, की हप्त्याला पैसे उरत नाहीत.

चेंबर घरी काढता येतं. पण नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी शिरायचं नाही, घरचा माणूस कितीही तरबेज असो! सपाट जागा, चाकांना दगड, खाली लोखंडी स्टँड हवेत.

तेल कोमट असताना काढा, मग बोल्ट. बसवताना दोन्ही कडांवरचं जुनं गॅस्केट हलक्या हातानं खरवडा, कोरडं पुसा, नवं लावा. बोल्ट आधी हातानं फिरवा, मग समोरासमोरचे थोडेथोडे आवळा. जोर केला की आटे जातात. तेल भरा, डिपस्टिक बघा, इंजिन सुरू करून खाली थेंब पडतो का पाहा.

जुनं तेल विहिरीजवळ ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.